विश्लेषण : रोज एक पान, साडेसात वर्षे... जगभरच्या ज्यूंना एकच पान वाचायला लावणारे रब्बी मेअर शापिरो कोण होते?

ज्यू धर्मशिक्षणाचे ऑनलाइन विश्व आज मोठे आहे. संपूर्ण तालमूद भाषांतरासह मोबाइलवर विनामूल्य वाचता येते, रोजच्या पानावरील प्रवचने पॉडकास्टच्या रूपात ऐकता येतात आणि अभ्यासवर्ग व्हिडीओ कॉलवर भरतात. यातील बराच मोठा भाग एका साध्या वेळापत्रकाभोवती उभा आहे. जगात कुठेही असलेल्या वाचकाने आज तालमूदचे कोणते पान वाचायचे, हे त्या वेळापत्रकात ठरलेले असते. त्याचे नाव 'दाफ योमी', म्हणजे रोजचे पान. ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेले त्याचे १४वे आवर्तन ७ जून २०२७ रोजी पूर्ण होईल. ही पद्धत रूढ करणारे पोलंडमधील रब्बी मेअर शापिरो वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी उभारलेली भव्य पाठशाळा दहा वर्षेही चालली नाही. वेळापत्रक मात्र टिकले. ते कसे?

तालमूद म्हणजे नेमके काय?

इ. स. २०० च्या सुमारास ज्यूंच्या मौखिक धर्मनियमांचे संकलन झाले, त्याला मिश्ना म्हणतात. पुढील सुमारे तीन शतके बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, विद्वानांनी या नियमांवर वाद-प्रतिवाद केले. ती चर्चा म्हणजे गेमारा. मिश्ना आणि गेमारा मिळून तालमूद होते. त्यात शेतजमीन, लग्न, घटस्फोट, नुकसानभरपाई, सणवार, मंदिरातील विधी अशा असंख्य विषयांचा खल आहे. भाषा हिब्रू आणि अरामी. वाक्ये त्रोटक, विरामचिन्हे जवळपास नाहीत. त्यामुळे गुरूशिवाय किंवा भाष्याशिवाय हा ग्रंथ उलगडणे कठीण. अकराव्या शतकात फ्रान्समधील राशी यांनी लिहिलेले भाष्य म्हणूनच आजही प्रत्येक पानावर मूळ मजकुराच्या शेजारी छापले जाते.

व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण बॅबिलोनियन तालमूद प्रथमच छापले. त्याने ठरवलेली पानांची विभागणी पुढच्या आवृत्त्यांनी कायम ठेवली. त्यामुळे एखाद्या प्रकरणाचे अमुक पान म्हटले, की व्हेनिस, विल्ना किंवा न्यू यॉर्क येथील कोणत्याही प्रतीत तोच मजकूर सापडतो. शापिरो यांची कल्पना या सोयीवरच उभी राहिली. पान सर्वत्र सारखे नसते, तर सर्वांनी एका दिवशी एकच पान वाचणे शक्यच झाले नसते.

शापिरो यांचे बालपण कसे होते?

येहुदा मेअर शापिरो यांचा जन्म ३ मार्च १८८७ रोजी बुकोविना प्रांतातील सुचावा या गावी झाला. तेव्हा हा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. आज सुचावा रुमानियात आहे. घराणे हसिदी परंपरेतील, विद्वानांचे. आजोबा श्मुएल यित्झाक शोर हे मोनास्टेजिस्का येथील नामांकित रब्बी. नातवाच्या शिक्षणाचा पाया त्यांनी घातला. मुलाची स्मरणशक्ती आणि आकलन यांची ख्याती लहानपणीच आसपास पसरली.

त्यांच्या चरित्रकथांत आईची एक आठवण आवर्जून सांगितली जाते. मुलाला शिकवण्यासाठी दूरवरून शिक्षक ठरवला होता. सणानंतर तो ठरल्या दिवशी आला नाही. दिवस फुकट गेला म्हणून आई रडू लागली. शिक्षक आज ना उद्या येईल, अशी समजूत मुलाने घातली. पण गेलेला दिवस परत येत नाही, हे तिचे दुःख होते. मोठेपणी शापिरो या प्रसंगाचा संबंध दाफ योमीशी जोडत असत. या कथेवर कितीही संस्कार झाले असले, तरी योजनेचे मर्म तिच्यात आहे. किती वाचले यापेक्षा एकही दिवस रिकामा गेला नाही, याला येथे महत्त्व आहे.

रब्बी म्हणून त्यांनी सुरुवात कोठे केली?

१९०६ मध्ये तार्नोपोल येथील सधन ब्राइटमन कुटुंबातील मल्का तोबा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांच्या आधारावर निवांत अध्ययन करण्याची सोय झाली होती. मात्र, चोर्टकोव्हचे हसिदी गुरू यिस्राएल फ्रीडमन यांच्या सांगण्यावरून त्यांनी गॅलिशियातील ग्लिन्यानी या छोट्या गावाचे रब्बीपद स्वीकारले. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. त्या काळात गावोगावच्या मुलांचे प्राथमिक धर्मशिक्षण कोंदट खोल्यांत, एकाच शिक्षकाच्या हाताखाली चाले. शापिरो यांनी गावात पाठशाळा उभारली आणि शिक्षणाच्या व्यवस्थेतच हात घातला.

पुढे पहिले महायुद्ध आले. गॅलिशियात आघाडी पुढेमागे सरकत राहिली. हजारो ज्यू कुटुंबे बेघर झाली. युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी नकाशावरून पुसले गेले होते आणि गॅलिशिया स्वतंत्र पोलंडचा भाग बनला होता. शापिरो १९२० च्या दशकाच्या आरंभी सानोक येथे आणि १९२४ मध्ये पिओत्रकुफ येथे रब्बी झाले. त्यांच्या धर्मनिर्णयांचा 'ओर हामेअर' हा संग्रह १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

रब्बी संसदेत कसे पोहोचले?

दोन महायुद्धांमधल्या पोलंडमध्ये ३० लाखांहून अधिक ज्यू राहत होते. त्यांच्यात एकमत नव्हते. झिओनिस्ट पॅलेस्टाइनकडे डोळे लावून होते, समाजवादी 'बुंद' पक्ष कामगारांना संघटित करत होता, तर सनातनी ज्यूंची 'अगुदत इस्राएल' ही संघटना धर्मजीवन वाचवण्याच्या खटपटीत होती. तरुण मुले धर्मशाळा सोडून सरकारी शाळा, कारखाने आणि पक्षांच्या कचेऱ्यांकडे वळत होती. शापिरो अगुदतचे प्रभावी वक्ते आणि पोलंडमधील नेते बनले. १९२२ मध्ये ते पोलंडच्या संसदेवर, म्हणजे 'सेम'वर, निवडून आले.

संसदेत राहून आपल्या समाजाचे हक्क मांडता येतात, हे त्यांना मान्य होते. पण राजकारणातले त्यांचे मन लवकरच उडाले. पिढी टिकवायची तर शिक्षणाची चौकट उभी करावी लागेल, या निष्कर्षावर ते आले. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी दोन कामे हाती घेतली. पहिले काम सामान्य माणसासाठी होते आणि त्याला जवळपास काहीच खर्च नव्हता. दुसरे निवडक विद्यार्थ्यांसाठी होते आणि त्याने त्यांना कर्जात बुडवले.

दाफ योमीची घोषणा केव्हा झाली?

ऑगस्ट १९२३ मध्ये व्हिएन्ना येथे अगुदत इस्राएलचे पहिले जागतिक अधिवेशन भरले. अनेक देशांतून प्रतिनिधी आले होते. रादिन येथील वयोवृद्ध विद्वान यिस्राएल मेअर कागन, जे 'हाफेत्झ हायिम' या नावाने सर्वत्र ओळखले जात, तेही उपस्थित होते. तेथे ३६ वर्षांच्या शापिरो यांनी प्रस्ताव मांडला : प्रत्येक ज्यूने रोज तालमूदचे एक पान, म्हणजे पुढची-मागची दोन्ही पृष्ठे, वाचावे आणि सर्वांनी एका दिवशी एकच पान वाचावे.

प्रस्तावामागे दोन कारणे होती. पहिले, पाठशाळांमध्ये ठराविक प्रकरणेच शिकवली जात. लग्न, नुकसानभरपाई, मालमत्ता या विषयांवरची प्रकरणे पुन:पुन्हा वाचली जात आणि उरलेल्या प्रकरणांकडे वर्षानुवर्षे कोणी फिरकत नसे. पानांचा क्रम लावला, तर प्रत्येक प्रकरणाची पाळी येणारच होती. दुसरे कारण सामाजिक होते. स्थलांतरामुळे ज्यू समाज पोलंड, अमेरिका, पॅलेस्टाइन असा विखुरला होता. बोटीने पॅलेस्टाइनहून अमेरिकेला निघालेला माणूस रोजचे पान वाचत न्यू यॉर्कला उतरेल आणि तिथल्या प्रार्थनास्थळात अनोळखी माणसे नेमके तेच पान वाचताना त्याला आढळतील, असे चित्र त्यांनी प्रतिनिधींपुढे उभे केले. भाषा, देश, राहणी वेगळी असली, तरी त्या दिवसापुरता विषय एक असेल.

११ सप्टेंबर १९२३ रोजी, ज्यू नववर्षाच्या दिवशी, पहिले पान वाचले गेले. गेर येथील हसिदी गुरू अव्राहाम मोर्देखाय आल्टर स्वतः ते पान घेऊन बसले. त्यांच्या अनुयायांची संख्या प्रचंड होती. गुरू वाचतात म्हटल्यावर हजारो जण मागोमाग आले. शापिरो यांच्या वक्तृत्वापेक्षाही या एका कृतीने योजनेला बळ मिळाले, असे मानले जाते.

हे गणित कसे चालते?

प्रत्येक प्रकरण पान क्रमांक २ पासून सुरू होते, कारण मुखपृष्ठाला पहिले पान धरले जाते. तालमूद 'बेराखोत' या प्रार्थनांवरील प्रकरणापासून सुरू होते आणि 'निद्दा' या प्रकरणाने संपते. पहिल्या सात आवर्तनांत प्रत्येकी २,७०२ पाने होती. १९७५ मध्ये आठव्या आवर्तनापासून 'शेकालिम' या प्रकरणाची विभागणी बदलली आणि संख्या २,७११ झाली. रोज एक पान या हिशेबाने पूर्ण वाचनाला सुमारे साडेसात वर्षे लागतात. सणाला सुट्टी नाही, सुतकात खंड नाही, आजारपणात थांबणे नाही. एखाद्याचे पान राहिले, तर गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. त्याने धावत येऊन ती गाठायची.

मराठी वाचकाला हा प्रकार पारायणासारखा वाटेल. फरक एवढाच, की पारायणात श्रवण-पठणाला महत्त्व असते; येथे वाद समजून घ्यावा लागतो. प्रश्न कोणी विचारला, उत्तर कोणत्या नियमावर टिकते, विरोधी मत का फेटाळले, हे उलगडल्याशिवाय पान पूर्ण झाले असे मानले जात नाही. त्यासाठी बहुतेक जण पहाटे किंवा रात्री तासभर गटाने बसतात.

दुसरे स्वप्न काय होते?

पूर्व युरोपातील येशिवा, म्हणजे तालमूदच्या उच्च पाठशाळा, दारिद्र्यासाठी प्रसिद्ध होत्या. मुले बाकांवर झोपत. जेवणासाठी गावातील वेगवेगळ्या घरी वार लावलेले असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. यिद्दिशमध्ये या प्रथेचे नावच 'दिवस खाणे' असे होते. आपल्याकडेही वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या होऊन गेल्या आहेत, त्यामुळे या व्यवस्थेतील उपकाराची जाणीव आणि अपमान वेगळे सांगायला नकोत. ज्या दिवशी कोणाचे घर ठरले नसेल, त्या दिवशी उपास.

उद्याच्या रब्बींना आपण भिक्षेकऱ्यासारखे वाढवतो आणि मग समाजाने त्यांचा मान राखावा अशी अपेक्षा करतो, हा विरोधाभास शापिरो यांना सलत होता. विद्यापीठात जाणाऱ्या तरुणाला वसतिगृह, ग्रंथालय, भोजनगृह मिळते. मग तालमूद शिकणाऱ्याला का नाही, असा त्यांचा विचार होता. त्यातून 'येशिवात हाखमे लुब्लिन', म्हणजे लुब्लिनच्या विद्वानांची पाठशाळा, ही कल्पना जन्मली.

लुब्लिनच का?

सोळाव्या शतकापासून लुब्लिन हे पोलिश ज्यूंचे विद्याकेंद्र होते. तेथे नामवंत पाठशाळा होत्या, हिब्रू छापखाने होते आणि पोलंडमधील ज्यू समाजांची मध्यवर्ती परिषदही तेथील जत्रेच्या वेळी भरत असे. ते वैभव विसाव्या शतकापर्यंत ओसरले होते. श्मुएल आयखेनबाउम या स्थानिक दात्याने लुबार्तोव्स्का रस्त्यावरील जमीन दिली. मे १९२४ मध्ये मोठ्या जनसमुदायासमोर कोनशिला बसवली गेली.

नंतरची सहा वर्षे पैशांमागे गेली. शापिरो युरोपभर फिरले. १९२६-२७ मध्ये त्यांनी अमेरिका आणि कॅनडाचा प्रदीर्घ दौरा केला, गावोगावी प्रवचने दिली, वर्गण्या गोळा केल्या. २४ जून १९३० रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. सहा मजली, पिवळसर रंगाची, रुंद पायऱ्यांची ही वास्तू एखाद्या विद्यापीठासारखी दिसत होती. आत व्याख्यानगृह आणि प्रार्थनागृह, वसतिगृह, भोजनगृह, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय होते. प्राचीन जेरुसलेममधील मंदिराची प्रतिकृतीही ठेवलेली होती. प्रवेशासाठी तालमूदची शेकडो पाने तोंडपाठ असावी लागत. एकदा प्रवेश मिळाला, की राहणे-जेवण संस्थेकडे. कोणाच्या दारी वार लावण्याची गरज उरली नाही.

२ फेब्रुवारी १९३१ रोजी दाफ योमीचे पहिले आवर्तन संपले, तेव्हा मुख्य समारंभ याच इमारतीत झाला. शापिरो यांची दोन्ही कामे त्या दिवशी एका छताखाली आली.

शेवटची वर्षे कशी गेली?

इमारत उभी राहिली ती जागतिक महामंदीच्या तोंडावर. अमेरिकेतील देणगीदार स्वतःच अडचणीत आले, पोलंडमधील व्यापारी बुडाले. पाठशाळेवर कर्ज साचत गेले. शापिरो एकाच वेळी प्राचार्य, लुब्लिनचे रब्बी आणि संस्थेसाठी निधी गोळा करणारे होते. दिवसा तालमूद शिकवायचे आणि उरल्या वेळात कर्जदारांची समजूत घालायची, असा त्यांचा क्रम झाला होता. तरीही ते उदास प्रवृत्तीचे नव्हते. त्यांना संगीताची जाण होती, त्यांनी काही चाली बांधल्या आणि विद्यार्थ्यांबरोबर ते गात, नाचत.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अल्पशा आजारानंतर त्यांचे निधन झाले. अखेरच्या घटकेला त्यांनी विद्यार्थ्यांना रडण्याऐवजी गाण्यास सांगितले, असे शिष्यांच्या आठवणींत नोंदले आहे. त्यांना अपत्य नव्हते. दाफ योमी आणि येशिवा हीच आपली दोन मुले, असे ते मानत, ही समजूत त्यांच्या चाहत्यांत आजही आहे.

महायुद्धात पाठशाळेचे काय झाले?

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा लुब्लिनमध्ये शिरल्या आणि पाठशाळा बंद पडली. इमारत जर्मनांनी ताब्यात घेतली. ज्यूंच्या सामूहिक हत्येची 'ऑपरेशन राइनहार्ड' ही मोहीम ज्या शहरातून चालवली गेली, ते शहर लुब्लिनच होते. माइदानेकची छळछावणीही शहराला लागून होती. पोलंडमधील ज्यूंपैकी सुमारे ९० टक्के लोक युद्धात मारले गेले. त्यात या पाठशाळेचे बहुतेक विद्यार्थी आणि अध्यापक होते. काही जण शांघायमार्गे वाचले, तर काही आधीच देशाबाहेर पडले होते.

ग्रंथालय जर्मनांनी चौकात जाळले, ही हकिकत दीर्घकाळ सांगितली जात होती. मात्र तिचा मुख्य आधार जर्मन प्रचारसाहित्यातील वर्णन होते. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतली आहे. लुब्लिनच्या शिक्क्याची काही पुस्तके जगातील वेगवेगळ्या संग्रहांत आढळली आहेत. त्यामुळे संग्रह लुटून विखुरला गेला असावा, असे मत पुढे आले आहे. अशा पुस्तकांचा माग काढून हरवलेल्या ग्रंथालयाची यादी डिजिटल स्वरूपात जुळवण्याचे काम लुब्लिनमधील अभ्यासकांनी हाती घेतले.

युद्धकाळातही वाचन सुरू राहिले का?

दाफ योमीचे तिसरे आवर्तन जून १९३८ मध्ये सुरू झाले आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये संपले. म्हणजे संपूर्ण महायुद्ध या एका आवर्तनात सामावले. पोलंडमधील ज्या शेकडो गावांत पहिल्या पानाला माणसे जमली होती, त्या गावांत शेवटच्या पानाला कोणीच उरले नव्हते. तरीही क्रम मोडला नाही, कारण तो कोणत्या एका इमारतीवर, गुरूवर किंवा देशावर अवलंबून नव्हता. पॅलेस्टाइनमध्ये आणि अमेरिकेत तारखेप्रमाणे पान उलटले जात होते. लुब्लिनची पाठशाळा नष्ट करण्यासाठी ती इमारत ताब्यात घेणे पुरेसे ठरले. वेळापत्रक ताब्यात घेता येण्यासारखे नव्हते.

शापिरो यांचे अवशेष १९५८ मध्ये जेरुसलेमला नेण्यात आले. इस्रायलमधील बने ब्राक येथे त्यांच्या शिष्याने, रब्बी श्मुएल वोस्नर यांनी, त्याच नावाची येशिवा काढली. लुब्लिनमधील इमारतीत युद्धानंतर वैद्यकीय शिक्षण चालले. २००३ मध्ये ती ज्यू समाजाला परत मिळाली, २००७ मध्ये प्रार्थनागृह पुन्हा खुले झाले आणि २०१३ पासून तेथे हॉटेलही सुरू झाले.

छापील पानापासून मोबाइलपर्यंतचा प्रवास कसा झाला?

सुरुवातीची काही दशके दाफ योमी हा मुख्यतः येशिवात शिकलेल्यांचा उपक्रम होता. अरामी न कळणाऱ्याला त्यात प्रवेश नव्हता. ही अडचण टप्प्याटप्प्याने दूर झाली. इस्रायलमध्ये रब्बी आदिन स्टाइनसाल्त्झ यांनी १९६५ मध्ये तालमूदचे आधुनिक हिब्रूत भाषांतर व विवरण सुरू केले. ते २०१० मध्ये पूर्ण झाले. अमेरिकेत 'आर्टस्क्रोल' प्रकाशनाने १९९० ते २००५ या काळात ७३ खंडांत इंग्रजी आवृत्ती काढली. दरम्यान ध्वनिफिती आणि टेलिफोनवरून ऐकायची प्रवचनेही आली. कामावर जाता-येता पान ऐकणारा नवा वर्ग त्यातून तयार झाला.

त्यानंतर इंटरनेट आले. 'सेफारिया' हे ना-नफा डिजिटल ग्रंथालय गेल्या दशकात उभे राहिले. २०१७ मध्ये त्याने स्टाइनसाल्त्झ यांच्या भाषांतरावर आधारित तालमूद मुक्त परवान्यासह विनामूल्य उपलब्ध केले. मूळ ओळीवर बोट ठेवले, की भाष्ये, बायबलमधील संदर्भ आणि नंतरच्या कायदेग्रंथांतील उल्लेख समोर येतात. पूर्वी यासाठी घरात कपाटभर ग्रंथ आणि शेजारी गुरू लागत असे. करोनाकाळात प्रार्थनास्थळे बंद झाली, तेव्हा नुकतेच सुरू झालेले १४वे आवर्तन अनेक गटांनी पडद्यावरच चालू ठेवले.

स्त्रियांचे स्थान काय?

शापिरो यांच्या योजनेतील 'प्रत्येक ज्यू' म्हणजे प्रत्यक्षात पुरुष होता. सनातनी परंपरेत तालमूद मुलींना शिकवत नसत. त्याच काळात क्राकूफमध्ये सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या महिलेने १९१७ मध्ये मुलींसाठी धर्मशाळा सुरू केली. पुढे अगुदतने या 'बेस याकोव्ह' शाळांना पाठबळ दिले आणि त्या पोलंडभर पसरल्या. तेथे बायबल, प्रार्थना, इतिहास शिकवला जाई. तालमूद मात्र नव्हे. अनेक सनातनी गटांत ही सीमा आजही कायम आहे.

ऑनलाइन साधनांनी तिला वळसा घातला. ज्यांना कोणत्याही येशिवाचे दार उघडले नसते, अशा स्त्रिया भाषांतर आणि पॉडकास्टच्या मदतीने पान वाचू लागल्या. जानेवारी २०२० मध्ये १३वे आवर्तन संपल्यानंतर 'हद्रान' या संस्थेने जेरुसलेममध्ये स्त्रियांचा समारोप सोहळा घेतला; त्याला हजारो स्त्रिया आल्या. त्याच आठवड्यात अमेरिकेत न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियममध्ये अगुदतचा पारंपरिक सोहळा झाला आणि त्याला सुमारे ९० हजार जण उपस्थित होते. शापिरो यांनी दुसऱ्या सोहळ्याची कल्पना केलीही असेल. पहिल्याची नक्कीच नव्हती.

या पद्धतीवर आक्षेप कोणते?

मुख्य आक्षेप उथळपणाचा आहे. येशिवात एका पानावर आठवडा घालवला जातो. येथे तासाभरात ते उरकावे लागते. आज वाचलेले महिन्याभरात विसरले जाते. तयार भाषांतर आणि ध्वनिमुद्रित विवरण यामुळे स्वतः झगडून अर्थ लावण्याची सवय मोडते, असेही काही विद्वान म्हणतात. हे आक्षेप नवे नाहीत. पहिल्या आवर्तनापासून ते घेतले जात आहेत आणि त्यांत तथ्यही आहे.

शापिरो यांच्या चरित्रात त्यांचे उत्तर सापडते. दाफ योमी ही सखोल अध्ययनाची जागा घेईल, असा त्यांचा दावा नव्हता. तसे असते, तर शेकडो पाने मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी लुब्लिनला वेगळी पाठशाळा उभारण्याचे कारणच नव्हते. विद्वान घडवायला पाठशाळा आणि दुकानदार, शिंपी, कारकून यांचा ग्रंथाशी संबंध तुटू नये म्हणून रोजचे पान, अशी ती विभागणी होती. इतिहासाने यातील खर्चीक अर्धे पुसून टाकले. बिनखर्चाचे अर्धे मात्र ध्वनिफीत, टेलिफोन, संकेतस्थळ, मोबाइल अशा प्रत्येक नव्या साधनावर स्वार होत राहिले.

तालमूदचे प्रकरण संपले, की वाचक त्या प्रकरणालाच उद्देशून पुन्हा भेटीचे वचन देतात, अशी प्रथा आहे. जून २०२७ मध्ये शेवटचे पान संपेल, समारंभ होतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेराखोतचे दुसरे पान उघडले जाईल, आणि १५वे आवर्तन सुरू होईल.